प्रक्षिप्त तबकडी : जुन्या स्विस घड्याळांचा चांद्यापर्यंतचा प्रवास

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरहून एक जुने फेवर ल्युबा घड्याळ विकत आणले. चावीचे, सतरा ज्वेलचे, तबकडीवर 'सी किंग' असे नाव असलेले. किंमत साडेनऊ हजार रुपये. माझी मर्यादा दहा हजारांची होती. त्या मर्यादेत ओमेगा किंवा लाँजिनचे स्वप्न पाहता येते, घड्याळ घेता येत नाही. त्यामुळे फेवर ल्युबावर येऊन थांबण्यात व्यवहारही होता आणि, त्याविषयी पुढे सांगेन, घरचे एक कारणही होते. विक्रेत्याने 'सगळे ओरिजिनल आहे' असे न विचारता दोनदा सांगितले. आठवडाभरात घड्याळ रोज सात-आठ मिनिटे मागे पडू लागले, तेव्हा चंद्रपुरातल्या एका वयस्क घड्याळजींकडे ते घेऊन गेलो. त्यांनी मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले, यंत्र बाहेर काढून तबकडी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "मशीन बराबर आहे सर. पण डायल रंगवली आहे जी."

मी फसलो होतो का? पहिल्या क्षणी उत्तर उघड वाटले. नंतर मात्र या प्रश्नाने बराच काळ पिच्छा पुरवला. मराठीच्या अध्यापकाने घड्याळाच्या उठाठेवीत का पडावे, असे काही मित्र म्हणतील. परंतु मूळ काय, नंतरचे काय, नंतरचे ते सगळेच खोटे का, हे प्रश्न एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आपण दरवर्षी विचारतो. ते एकदा मनगटावर येऊन बसले, एवढाच फरक.

'घड्याळ' हा शब्द घटिकेच्या कुळातला आहे. घटिकापात्र पाण्यात बुडाले की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली, आणि ती सगळ्या मांडवाची झाली. वेळ ही सार्वजनिक गोष्ट होती. ती खिशात आणि मग मनगटावर घालून फिरण्याची सोय सातासमुद्रापलीकडून आली, आणि महाग किमतीला आली. फ्रित्झ फाव्र हे स्विस घड्याळव्यापारी १८६५ मध्ये हिंदुस्थानात आले आणि त्यांच्या घराण्याच्या कंपनीने मुंबईत बस्तान बसवले. मूळ घराण्याचा उद्योग १७३७ पासूनचा. (फ्रेंच उच्चार काहीही असो, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या 'फेवर ल्युबा' हेच नाव रूढ आहे, इथेही तेच वापरतो.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेस्ट एंड वॉच कंपनीही मुंबईत उभी राहिली. या घड्याळांचे गिऱ्हाईक म्हणजे गोरे अधिकारी, संस्थानिक, शेठ-सावकार आणि रेल्वे.

आमच्या भागात वेळ आली ती मात्र कोळशाच्या मागोमाग. वरोऱ्याची खाण १८७१ मध्ये सुरू झाली आणि त्याच दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबई शहराने मात्र आपली एकोणचाळीस मिनिटे मागची स्थानिक वेळ पुढे कित्येक दशके सोडली नाही. म्हणजे मुंबईच्या दुकानात लावून दिलेले घड्याळ चांदा जिल्ह्यातल्या फलाटावर पाऊण तासाच्या आसपास चुकीचे ठरत असे. १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेठ दुवा पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास गाड्या इथून जाऊ लागल्या. पुढे १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला त्या सगळ्यातून अनेक दशके वडसा हे एकच स्थानक आले. तिकडच्या लोकांना वेळ कळायची ती एसटीच्या मुक्कामी गाडीवरून आणि शाळेच्या घंटेवरून.

अशा प्रदेशात स्विस घड्याळ कोऱ्या डबीतून येणे ही अपवादाची गोष्ट होती. ते उतरत उतरत यायचे. साहेबाकडून हेडक्लार्ककडे, लाकडाच्या ठेकेदाराकडून त्याच्या मुनिमाकडे, बदली होऊन जाणाऱ्या वनाधिकाऱ्याकडून गावच्या मास्तराकडे. माझे वडील अहेरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी १९६६ मध्ये बदलीवर निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून फेवर ल्युबा घेतले, तेही तीन हप्त्यांत. 'सेकंडहँड' या शब्दात आज जो थोडा कमीपणा किंवा अलीकडच्या शहरी हौशीत जी ऐट आहे, त्यांपैकी काहीही त्या व्यवहारात नव्हते. घड्याळ असेच मिळत असे.

ते तसेच का मिळत असे, याचे कारण धोरणात आहे. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले आणि मनगटी घड्याळ चैनीत मोडले. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला. 'जनता' हे त्याचे सर्वांत बोलके अपत्य, नाव देवनागरीत मिरवणारे. त्याच सुमाराच्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातील १२३ वे कलम साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही एकदा वाचावे असे आहे. तस्करीचा माल असल्याच्या वाजवी समजुतीने तो जप्त झाला, तर तो तस्करीचा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे तो सापडला त्याच्यावर येते; आणि हा नियम ज्या थोड्या वस्तूंना नाव घेऊन लावला आहे, त्यांत सोन्याच्या बरोबरीने घड्याळे आहेत. हे कलम आजही आहे. वडील घड्याळाची हप्त्यांची चिठ्ठी पोथीच्या बासनात का ठेवत, हे मला फार उशिरा कळले.

आयात बंद म्हणजे सुटे भागही दुर्मीळ. इथे आपली तबकडी येते. चंद्रपूरचा उन्हाळा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांना टेकतो. यंत्रातले तेल सुकते, घट्ट होते. मागोमाग पावसाळ्याची दमट हवा झाकणाच्या फटीतून शिरते आणि तबकडीवर आधी पिवळी झाक, मग काळे ठिपके, मग पोपडे. स्वित्झर्लंडहून नवी तबकडी मागवणे कोणाला शक्य नव्हते. मग कारागीर जुना रंग खरवडून काढत, पितळी पत्र्याला नवा रंग देत आणि त्यावर कंपनीचे नाव, मिनिटांच्या रेघा, 'स्विस मेड' ही अक्षरे पुन्हा उमटवत. हे काम देशभर होत असे, पण नाव झाले मुंबईचे. परदेशातील संग्राहक आज अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाके मुरडतात. त्यांचे नाक मुरडणे बाजारभावाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण ज्याच्याकडे आयुष्यात एकच घड्याळ होते आणि ज्याची तबकडी वाचता येईनाशी झाली होती, त्याने ती रंगवून घेतली, यात फसवणूक कोणाची झाली? त्याने घड्याळ विकायला काढलेच नव्हते.

आता पाठचिकित्सेकडे येतो, कारण कमी पैशांत जुने घड्याळ घेणाऱ्याला तीच उपयोगी पडते. पोथी हाती आली की आपण प्रथम लिपिकाराचा हात पाहतो. तबकडीवर अक्षरांची जाडी एकसारखी आहे का ते पाहावे. कारखान्यातली अक्षरे भिंगाखालीही धारदार राहतात, हाताने वा साध्या ठशाने उमटवलेली फुगतात. मिनिटांच्या रेघा तासांच्या उठावदार खुणांशी जुळतात का? माझ्या घड्याळात चार वाजण्याची खूण रेघेच्या केसभर डावीकडे आहे. खूण जुनी, रेघ नवी. सहाच्या खाली 'स्विस मेड' कडेच्या वक्राला धरून आहे की सरळ ओळीत? काटे मिनिटांच्या वर्तुळापर्यंत पोहोचतात का, की दुसऱ्याच घड्याळाचे आहेत? केसच्या कडा पॉलिश करकरून गोळा झाल्या आहेत का? यंत्रातल्या स्क्रूंच्या खाचा फाटल्या असतील तर अनाडी हात फिरून गेला असे समजावे. यंत्र उघडून न दाखवणाऱ्याकडून घेऊच नये, आणि 'वॉटरप्रूफ' या जुन्या शब्दावर तर मुळीच विश्वास ठेवू नये.

या सगळ्यांहून मोठा नियम आपल्याच शास्त्रातला आहे : दोन पाठांपैकी कठीण पाठ सहसा जुना असतो. लिपिकार अवघड शब्द सोपा करतो. सोप्याचा अवघड क्वचितच करतो. जुनी तबकडी डागाळलेली, वाचायला कठीण असते. साठ वर्षांच्या घड्याळाचा चेहरा कालच्यासारखा तकतकीत दिसला की थांबावे. मी हा नियम वीस वर्षे शिकवतो आहे. नागपूरच्या दुकानात मात्र तकतकीत चेहऱ्यावरच भाळलो.

पण आपले शास्त्र इथेच थांबत नाही. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या पाठाचे शोधन केले आणि यापुढे कोणी पदरची ओवी घालू नये अशी तंबीही दिली. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली, तिच्यावरही वाद झालेच. लीळाचरित्राची गोष्ट तर विदर्भाच्या अंगणातली. मूळ ग्रंथ हरवला, आठवणींतून पुन्हा बांधला गेला आणि त्याचे निरनिराळे पाठ झाले, वि. भि. कोलत्यांची १९७८ ची आवृत्ती त्या गुंत्यातूनच वाट काढते. आपल्याला मूळ क्वचितच मिळते. मिळते ती कोणीतरी सांभाळलेली, दुरुस्त केलेली, बिघडवलेलीही प्रत. म्हणून प्रक्षेप ओळखणे हे एक काम आणि प्रक्षेप करणाऱ्याचा हेतू ओळखणे हे दुसरे. रंगाऱ्याला मी दोष देत नाही. रंगवलेल्या तबकडीला 'ओरिजिनल' म्हणणाऱ्या विक्रेत्याला देतो. त्याच्याकडे परत गेलो तेव्हा त्याने, "सर, साडेनऊ हजारात काय पाहिजे तुम्हाला?" असे विचारले. पैसे परत दिले नाहीत. त्याच्या प्रश्नात तथ्य होते, पण त्याने तो आधी विचारायला हवा होता. खरे सांगून सहा हजार मागितले असते तर मी ते घड्याळ आनंदाने घेतले असते.

एका संग्राहक मित्राने उपाय सुचवला : परदेशातून त्याच नमुन्याची खरी जुनी तबकडी मागवून बसवावी. दोन-तीन दिवस मोह झाला. मग लक्षात आले की दुसऱ्याच घड्याळावरून काढलेली तबकडी माझ्या यंत्रावर बसवली की तयार होईल ते घड्याळ पूर्वी कधी अस्तित्वातच नव्हते. तिथले पान इथे, इथला श्लोक तिथे, अशा जुळणीतून दिसायला निर्दोष आणि इतिहासाच्या दृष्टीने संपूर्ण काल्पनिक पाठ तयार होतो. वाईट संपादक हेच करतात. रंगवलेल्या तबकडीखालचा पत्रा निदान याच घड्याळाचा आहे.

वडिलांनी त्यांचे फेवर ल्युबा १९७८ मध्ये आत्याच्या लग्नात विकले आणि पुढे निवृत्तीपर्यंत एचएमटी जनता वापरले. विकलेल्या घड्याळाबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. जनता मात्र रोज सकाळी सहाला, रेडिओ लावण्याआधी, मोजून चाव्या देऊन ठेवत. ती आजही चालते. ती बनवणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय जानेवारी २०१६ मध्ये झाला. फेवर ल्युबा हे नाव २०११ मध्ये टाटा समूहातील टायटनकडे आले, तिथूनही पुढे दुसऱ्या भारतीय हातांत गेले आणि २०२४ मध्ये नव्या घड्याळांसह पुन्हा बाजारात उतरले. त्यांच्या किमती लाखांत आहेत. माझा तो विषय नाही.

घड्याळ साफ करून न्यायला गेलो तेव्हा घड्याळजींनी झाकणाची आतली बाजू दाखवली. तिथे सुईने कोरलेल्या चार बारीक खुणा होत्या. दुरुस्ती करणारा प्रत्येक जण अशी खूण करतो, हे मला माहीत नव्हते. दोन इंग्रजी अक्षरे, एक नुसता आकडा, आणि एक देवनागरीत : '७४', पुढे काहीतरी पुसट. पोथीच्या अखेरीस लिपिकार आपले नाव, गाव, शक लिहितो ती पुष्पिकाच ही. हे वडिलांचे घड्याळ असण्याची शक्यता नाही, हे मला कळते. तरी मी ते झाकण बराच वेळ भिंगाखाली धरून बसलो. मग त्यांनी ते माझ्या हातातून घेतले, उरलेल्या जागेत सुईने स्वतःचा आकडा कोरला, झाकण दाबून बसवले आणि सहाशे रुपये मागितले. तीन वर्षांनी पुन्हा ऑईलिंगला आणा, म्हणाले, आणि पावसाळ्यात भामरागडकडे जाणार असाल तर हे घरी ठेवून जा जी.