वायुसिलिंडर : कारखान्यातील हाताळणी व साठवण (कोराडी)

संपीडित अथवा द्रवीभूत वायू साठविण्याचे पोलादी पात्र. नागपूरच्या उत्तरेस कोराडी येथे १९७४ साली सुरू झालेल्या व पुढे ६६० मेगावॅटच्या तीन संचांनी विस्तारलेल्या औष्णिक विद्युत् केंद्रासारख्या कारखान्यात जोडकामाचे ऑक्सिजन व ॲसिटिलीन, जलशुद्धीचा क्लोरीन आणि जनित्रांचा हायड्रोजन हे परस्परविरोधी स्वभावाचे वायू एकाच आवारात वागवावे लागतात.

हायड्रोजन : मोठ्या जनित्रांतील उष्णता वाहून नेण्यास हवेऐवजी हायड्रोजन खेळवितात, कारण त्याची घनता हवेच्या सुमारे चौदाव्या हिश्शाइतकी, तर उष्णतावाहकता सुमारे सातपट असते. परंतु हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात मिसळला असता तो पेट घेतो व त्याची ज्योत भर उजेडात जवळजवळ दिसत नाही. म्हणून आतील हवा प्रथम कार्बन डाय-ऑक्साइडने हुसकून लावून मगच हायड्रोजन सोडतात, आणि जनित्र उघडण्यापूर्वी हाच क्रम उलट पाळतात. हा क्रम मोडण्याची मुभा कोणत्याही घाईच्या सबबीवर देता कामा नये.

ओळख : हायड्रोजनचा सिलिंडर तांबडा, ॲसिटिलीनचा किरमिजी, ऑक्सिजनचा काळा, क्लोरीनचा पिवळा. ज्वलनशील वायूंच्या झडपांचे आटे डावे असतात, जेणेकरून भलताच दाबनियंत्रक त्यांवर बसू नये.

साठवण : सिलिंडर उभे ठेवून साखळीने जखडावेत, भरलेले व रिकामे, तसेच ऑक्सिजन व ज्वलनशील वायू यांची कोठारे अलग असावीत (मधले अंतर किती, याविषयी निरनिराळ्या देशांच्या नियमांत एकवाक्यता नाही). ऑक्सिजनच्या झडपेस तेलाचा वा ग्रीजचा स्पर्शही होऊ देऊ नये. १५° से. तापमानास दर चौ. सेंमी.ला १५० किग्रॅ. दाबाने भरलेल्या पात्रातील दाब ४५° से.ला सुमारे १६५ पर्यंत चढतो. पात्र तो सोसते, तथापि वैदर्भीय उन्हाळ्यात उघड्यावरचे पोलाद हवेहूनही अधिक तापत असल्यामुळे छप्पर अपरिहार्य होय.

कायदा : १८८४ च्या स्फोटक अधिनियमाखालील गॅस सिलिंडर नियम, २०१६. त्यांचा अंमल करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची मुख्य कचेरी नागपुरासच आहे.

बेवारस पात्रे : मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सिलिंडरांतून १४ जुलै २०१० रोजी क्लोरीन गळून शंभराहून अधिक लोक बाधित झाले. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने तो जमिनीलगत पसरतो व सखल जागी साचतो. वापरातील सिलिंडरांवर नित्य नजर असते; अडगळीत गेलेल्यांची नोंद दफ्तरातूनही गळते, म्हणून प्रत्येक पात्राची आवक, परत पाठवणी व दाबचाचणीची मुदत नोंदवहीत असणे, हे प्रस्तुत विषयातील सर्वांत उपेक्षित परंतु सर्वांत महत्त्वाचे कलम मानावे लागते.

वाहतूक : हातगाडीवरून, झडपेवर टोपण चढवून करावी; झडपेस धरून उचलणे वा पात्र आपटणे निषिद्ध.