पोटासाठी

आमचं गाव केडगावपासून चार कोसांवर. घर ख्रिस्ती, धंदा शेतीचा. शाळेत मला एकजण कायम चिडवायचा, "तुम्ही पोटासाठी बाटलेले." मी एकदा रडत घरी आलो आणि आजीला विचारलं, खरं का? आजी जोंधळे पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "हो रे पोरा, पोटासाठीच. मग कशासाठी?"

आजी मूळची गुजरातची. सन 1900 च्या दुष्काळातली. तिकडे संवत 1956 वरून त्याला छप्पनियो म्हणतात. ती तेव्हा सातआठ वर्षांची असंल. आईबाप गेले, गावाचं नाव तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. आठवायचं ते एवढंच, की कुणीतरी उचलून गाडीत बसवलं आणि खूप वेळानं केडगाव स्टेशन आलं. मरेपर्यंत ती पैसे गुजरातीत मोजायची आणि प्रार्थना मराठीत करायची.

केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन. रमाबाईंनी 1889 ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्याला आणलं. 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा स्वतः जाऊन त्यांनी तिकडच्या तीनेकशे पोरीबाया आणल्या. त्यात पुण्यात प्लेग, म्हणून सगळ्या केडगावच्या माळावर. 1900 साली गुजरातच्या आल्या, तेव्हा माणसं दोन हजारांच्या घरात गेली. शेतकऱ्याच्या डोक्यानं मी हिशेब करतो: दोन हजार तोंडं, दोन वेळा, आणि पाऊस नाही. माळावर विहिरी खणल्या, त्यांच्या पाण्यावर सगळं चाललं. पैसा देशाविदेशातल्या देणगीचा यायचा, पण उद्याची खात्री कुणाला नव्हती.

रमाबाईंनी हे का केलं, ते त्यांच्या लहानपणी आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, पण मद्रासकडच्या दुष्काळात हे कुटुंब अन्नावाचून वणवण फिरलं. आईवडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेली. 1883 ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तेव्हा पुण्यामुंबईत केवढा गदारोळ झाला. टीका करणारे सगळेच वाईट होते असं मी म्हणत नाही. पण भूक काय असते, हे त्या बाईला पोथीतून शिकावं लागलं नव्हतं.

आजी तिथं विणकाम शिकली, अक्षर शिकली, मग आजोबांशी लग्न होऊन आमच्या गावात आली. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या. त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं सोप्या मराठीतलं बायबल पुढं 1924 ला निघालं, तेही मुक्तीच्याच छापखान्यात. आजीकडं त्याची एक प्रत होती. ओळीखाली बोट धरून वाचायची.

मग 1972 आला. मी बारा वर्षांचा. विहिरीचा तळ दिसला, बैल विकले. आई-दादा खडी फोडायला जायचे. खायला तांबडा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. मिलोची भाकरी थापताना तुटायची, गिळताना घशात अडकायची. आजी तेव्हा ऐंशीला आलेली. तिच्या वाट्याची सुकडी ती रोज फडक्यात बांधून ठेवायची. आम्हाला वाटायचं, म्हातारीला दात नाहीत.

एका संध्याकाळी मी मागून गेलो. पांदीच्या कडेला बाहेरगावचं एक कुटुंब पालात उतरलं होतं, तीन लेकरं. आजी खाली बसून त्यांना सुकडी चारत होती. मला रागच आला. घरात धाकटी बहीण भुकेली झोपायची, आणि ही परक्याला घालते! घरी येऊन मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "दादांना सांगू नकोस." दादांना माहीत होतंच, हे पुढं कळलं.

रात्री मी आजीशी भांडलो. म्हणालो, देव देईल देईल म्हणतेस, मग पाऊस का देत नाही? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पावसाचं मला नाही कळत. मला गाडीत बसवताना त्या बाईनं विचारलं नव्हतं, तू कोणाची."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. पालातली माणसं त्याआधीच कुठं तरी निघून गेली होती. जाताना त्या बाईनं आजीचं फडकं धुऊन, घडी घालून आमच्या उंबऱ्यावर ठेवलं होतं. वर दगड, वाऱ्यानं उडू नये म्हणून.