डाग की प्रक्रिया? वांगावरील लेसर उपचारांचा इतिहास

इ. स. १९६० या वर्षी अमेरिकेत परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या दोन घटना घडल्या. मे महिन्यात कॅलिफोर्नियातील मालिबू येथील ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत थिओडोर मैमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण मिळवला. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भनिरोधक गोळीला मान्यता दिली. त्यानंतर काही वर्षांतच ही गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या गालांवर व कपाळावर तपकिरी डाग उमटत असल्याचे त्वचारोगतज्ज्ञांच्या ध्यानात आले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत गोळी घेणाऱ्या २१२ स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांमध्ये असे डाग आढळले. एका घटनेने जगाला नवे साधन दिले, तर दुसरीने एका जुन्या व्याधीचे प्रमाण वाढवले. पुढे या साधनाची या व्याधीशी गाठ पडली. त्या गाठीचा इतिहास सरळ प्रगतीचा नाही. तो एका चुकीच्या गृहीतकाचा इतिहास आहे, आणि त्या गृहीतकाची किंमत प्रामुख्याने सावळ्या त्वचेच्या स्त्रियांनी मोजली आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा मागोवा घेतला आहे.

वांग : शब्द आणि व्याधी

वैद्यकाच्या परिभाषेत या व्याधीला मेलास्मा म्हणतात. हे नाव 'काळा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. मराठीत तिला वांग असे नाव असून त्याचे नाते संस्कृत 'व्यंग' या शब्दाशी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणी व्यंगाचे वर्णन येते. क्रोध व आयास यांनी प्रकुपित झालेला वायू पित्ताशी मिळून मुखाकडे येतो आणि तेथे पातळ, वेदनारहित, श्यामवर्ण मंडल उत्पन्न करतो, असे ते वर्णन आहे. चिकित्सेत शिरावेध सांगितला असून क्षीरीवृक्षांच्या सालींचे लेपही सुचवले आहेत. प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते, असा याचा अर्थ काढण्याचे कारण नाही. वात आणि पित्त ही त्या शास्त्राची भाषा होती आणि ती आजच्या पेशीविज्ञानात जशीच्या तशी उतरवता येत नाही. मात्र एक गोष्ट लक्षणीय आहे. त्या वर्णनात डाग हा त्वचेवर बसलेला मळ नसून शरीरात चाललेल्या एखाद्या घडामोडीचे दृश्य रूप आहे. लेसरच्या इतिहासात नेमका हाच मुद्दा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

किरणाचे लक्ष्य

लेसरचा सैद्धांतिक पाया आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडलेल्या उद्दीपित उत्सर्जनाच्या कल्पनेत आहे. मैमन यांच्या यशानंतर तीनच वर्षांनी, १९६३ साली, सिनसिनाटी येथील त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी माणकाच्या लेसरचा मानवी त्वचेवर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. त्वचेच्या रंगयुक्त घटकांवर हा किरण अधिक परिणाम करतो, असे त्यांना दिसले. काळा रंग प्रकाश शोषतो, ही तर उन्हात उभ्या राहिलेल्या कोणालाही ठाऊक असलेली गोष्ट. गोल्डमन यांच्या निरीक्षणामुळे तिला शस्त्राचे रूप मिळण्याची शक्यता निर्माण झाली.

या कथेत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. बारामती येथे जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असून तो रंगद्रव्याऐवजी पेशींतील पाण्यात शोषला जातो. म्हणून तो त्वचेचा थर बाष्परूपाने काढून टाकतो. १९९० नंतरच्या दशकात याच किरणाने चेहऱ्याची वरची त्वचा सोलून वांग घालवण्याचे प्रयत्न झाले. थर गेला की डाग जाईल, असा त्यामागील तर्क होता. परंतु सावळ्या त्वचेत जखम भरताना तेथे नवे काळेपण येण्याची शक्यता मोठी असते, आणि हा मार्ग फार पुढे गेला नाही.

खरे वळण आले ते १९८३ साली. हार्वर्डशी संलग्न असलेले रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 'सायन्स' या नियतकालिकात निवडक प्रकाश-औष्णिक विघटनाचा सिद्धांत मांडला. लक्ष्य असलेला घटक शोषून घेईल अशी तरंगलांबी निवडावी आणि त्या घटकातील उष्णता आजूबाजूला पसरण्यापूर्वीच स्पंद संपावा, म्हणजे केवळ तो घटक नष्ट होईल व शेजार सुरक्षित राहील, असे त्याचे सार सांगता येईल. मेलॅनिन ज्या सूक्ष्म कणांत साठते ते मेलॅनोसोम जेमतेम एक मायक्रोमीटर आकाराचे असतात. त्यांना फोडण्यासाठी सेकंदाच्या अब्जांश भागात मोजता येतील इतके आखूड स्पंद हवेत. असे स्पंद देणारे क्यू-स्विच तंत्र १९६२ पासून उपलब्ध होते. १९८७ साली प्राण्यांच्या त्वचेवरील प्रयोगांत क्यू-स्विच माणिक लेसरने मेलॅनोसोम निवडकपणे फुटतात हे दाखवण्यात आले.

सिद्धांत देखणा होता आणि त्याची फळेही मिळाली. जपानच्या मासाओ ओटा यांनी १९३९ साली वर्णिलेला, चेहऱ्याच्या एका बाजूस निळसर-करडी झाक आणणारा जन्मखुणेसारखा दोष तोवर जवळजवळ असाध्य मानला जाई. १९९४ साली जपानी संशोधकांनी ११४ रुग्णांवरील क्यू-स्विच माणिक लेसरचे यश प्रसिद्ध केले. गोंदण पुसण्यातही हे तंत्र उपयोगी ठरले. या दोन्ही ठिकाणी रंग हा ठेवा आहे. तो एकदा फोडला की त्याच्या जागी नवा येत नाही.

वांगाचे तसे नाही. त्याच १९९४ साली चार्ल्स टेलर आणि रॉक्स अँडरसन यांनी एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला. इतर उपायांना न जुमानणारे वांग आणि दाहोत्तर काळेपण यांवर क्यू-स्विच माणिक लेसर निष्प्रभ ठरतो, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. सिद्धांताच्या एका जनकानेच सिद्धांताची मर्यादा नोंदवावी, ही वैज्ञानिक प्रामाणिकतेची खूण आहे. या निबंधाची पुरेशी दखल घेतली गेली असती, तर पुढील दीड दशक कदाचित वेगळे घडले असते.

त्वचेचे वर्गीकरण

या ठिकाणी एका समांतर घटनेकडे वळणे आवश्यक आहे. १९७५ साली थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे प्रकार पाडले. सोरायसिसवरील प्रकाशोपचाराची मात्रा ठरवण्यासाठी ते वर्गीकरण होते आणि आरंभी त्यात गौरवर्णीयांचेच चार प्रकार होते. तपकिरी व काळी त्वचा त्यात पाचवा व सहावा प्रकार म्हणून नंतर जोडली गेली. बहुसंख्य भारतीयांची त्वचा या मापपट्टीवर चौथ्या-पाचव्या प्रकारात बसते. जगातील बहुसंख्य माणसांची त्वचा पुरवणी म्हणून यावी, हे त्या काळातील वैद्यकीय संशोधन कोणाभोवती फिरत होते याचे निदर्शक आहे. लेसरच्या बाबतीत याला व्यावहारिक अर्थ आहे. गोऱ्या त्वचेत डाग आणि पार्श्वभूमी यांतील अंतर मोठे असल्याने किरण लक्ष्य ओळखतो. सावळ्या त्वचेत पार्श्वभूमीही तोच किरण शोषते, निरोगी त्वचा तापते, दाह होतो आणि दाहातून पुन्हा काळेपण येते.

त्याच १९७५ साली फिलाडेल्फियाचे आल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन यांचे मलम सुचवले. या मिश्रणाची सुधारित रूपे आजही वांगाच्या उपचारात आधारभूत मानली जातात. क्लिगमन यांचे नाव होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर केलेल्या आणि १९७४ मध्ये थांबलेल्या प्रयोगांशीही जोडलेले आहे. त्वचेच्या रंगावरील ज्ञान कोणाच्या त्वचेवर सिद्ध झाले, या प्रश्नाचा तो स्वतंत्र व वेदनादायक अध्याय आहे. भारतात या मिश्रणाचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. स्टेरॉइडयुक्त मलमे गोरेपणाची मलमे म्हणून चिठ्ठीविना विकली गेली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री भारतीय पाहणीत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे वापरत असल्याचे आढळले. २०१८ साली शासनाने अशा अनेक मलमांची चिठ्ठीविना होणारी विक्री नियमाने रोखली.

पुनरागमन आणि १० वर्षांचा उत्साह

२००४ साली डिटर मॅनस्टाइन, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी अंशात्मक लेसरची कल्पना मांडली. संपूर्ण त्वचा न जाळता सूक्ष्म स्तंभांच्या रूपाने जखमा कराव्यात आणि मधली निरोगी त्वचा त्या भरून काढील, अशी ही योजना होती. २००५ साली केवळ १० स्त्रियांवरील प्राथमिक अभ्यासात ६० टक्क्यांमध्ये तीन चतुर्थांशांहून अधिक सुधारणा नोंदली गेली. त्याच वर्षी अमेरिकेत हे यंत्र वांगासाठी मान्य झाले. दहा रुग्णांच्या आधाराने केवढी आशा उभी राहिली, हे पाहिले म्हणजे यंत्राच्या बाजारपेठेचा वेग आणि वैद्यकीय पुराव्याचा वेग यांतील तफावत स्पष्ट होते. याच सुमारास पूर्व आशियात 'लेसर टोनिंग' या नावाने १०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच किरण अत्यल्प तीव्रतेने, परंतु आठवड्या-आठवड्याला पुनःपुन्हा देण्याची रीत रूढ झाली.

हिशेब समोर आला तो २०१० साली. नेदरलँड्समध्ये २९ रुग्णांच्या चेहऱ्याच्या एका बाजूस अंशात्मक लेसर व दुसऱ्या बाजूस तिहेरी मलम असा तुलनात्मक अभ्यास झाला. लेसरच्या बाजूस ९ रुग्णांना दाहोत्तर काळेपण आले आणि रुग्णांचे समाधानही त्याच बाजूस कमी होते. थायलंडमधील अभ्यासात २२ रुग्णांना चेहऱ्याच्या एका बाजूस हायड्रोक्विनोनसह लेसर टोनिंग व दुसऱ्या बाजूस केवळ हायड्रोक्विनोन देण्यात आले. पाच आठवड्यांच्या अखेरीस यंत्राने मोजलेली सुधारणा लेसरच्या बाजूस ९२.५ टक्के, तर दुसऱ्या बाजूस १९.७ टक्के होती. एवढ्यावर अभ्यास थांबला असता तर तो विजयवार्ता म्हणून गाजला असता. पण पाठपुराव्यात सर्वच रुग्णांचे डाग परतले आणि काहींच्या चेहऱ्यावर पांढरे ठिपकेही उमटले. हाँगकाँगच्या हेन्री चॅन व सहकाऱ्यांनीही याच उपचारानंतर आलेल्या अशा रंगहीन ठिपक्यांची नोंद त्याच वर्षी केली. काळा डाग घालवण्यासाठी आलेल्या स्त्रीने पांढरे ठिपके घेऊन परतावे, यातील विसंगती आकडेवारीत पुरती उतरत नाही.

डाग का परततात याचे उत्तर तोवर हळूहळू जमू लागले होते. २००२ साली ५६ कोरियन स्त्रियांच्या त्वचेच्या तुकड्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास झाला. २००७ साली तेथीलच दुसऱ्या अभ्यासात डागाखालील रक्तवाहिन्या वाढलेल्या आढळल्या. वांगात रंजकपेशी अतिक्रियाशील झालेल्या असतात, खालच्या थरात सूर्यप्रकाशाने तंतूंची हानी झालेली असते आणि दोन थरांमधील आधारपटलही दुबळे होते. किरण फोडतो तो तयार माल, कारखाना चालूच राहतो. किंबहुना उष्णतेने तो अधिक जोराने चालू होतो. २०११ साली फ्रान्समध्ये रंगाऐवजी या रक्तवाहिन्यांनाच लेसरचे लक्ष्य करून पाहण्यात आले. रुग्णांचे समाधान वाढले, पण ते विशेषतः दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे गोऱ्या त्वचेत. २०१८ साली थिएरी पासरॉन आणि माउरो पिकार्डो यांनी तर वांग हा मुळात प्रकाशजन्य वार्धक्याचा विकार आहे, अशी मांडणी केली. पुढे अब्जांशाहूनही हजारपट आखूड स्पंद देणारे पिको लेसर आले. त्यांनी इजा कमी केली असली, तरी डाग परतण्याचा प्रश्न सोडवलेला नाही. आजच्या व्यवहारात लेसरचे स्थान मलम आणि ट्रॅनेक्सॅमिक आम्ल यांच्या नंतरचे आहे. हे आम्ल मुळात रक्तस्राव थांबवण्यासाठी १९६० नंतरच्या दशकात जपानमध्ये शोधले गेलेले औषध होय.

२०१० सालच्या आणखी एका अभ्यासाचा उल्लेख राहिला आहे. डेट्रॉइट येथील संशोधकांनी सावळ्या व काळ्या त्वचेच्या स्वयंसेवकांवर अतिनील किरण वगळून केवळ दृश्य प्रकाश टाकला. त्यांच्या त्वचेत गडद व टिकाऊ काळेपण आले, तर गोऱ्या त्वचेत ते आले नाही. म्हणजे ज्या प्रकाशाच्या एका शुद्ध रूपाने वांग पुसण्याचा प्रयत्न पाव शतक चालला होता, तोच साधा दृश्य प्रकाश सावळ्या चेहऱ्यावर वांग घडवत होता. नेहमीची रंगहीन सूर्यरोधक मलमे तो अडवत नव्हती, कारण ती प्रामुख्याने अतिनील किरणांसाठी घडवलेली होती. २०१४ साली मेक्सिकोत झालेल्या अभ्यासात दृश्य प्रकाशही अडवणारे मलम वांगासाठी अधिक उपयोगी ठरले. त्या मलमात लोहाची ऑक्साइडे होती, म्हणजे गेरूला त्याचा तांबडा रंग देणारीच संयुगे.