दिनविशेष : १९ जून – मिलानच्या हुतात्म्यांचे अवशेष

गेर्वासियुस आणि प्रोतासियुस या हुतात्म्यांचे, म्हणजे श्रद्धेसाठी मरण पत्करलेल्यांचे, अवशेष इ. स. ३८६ मध्ये मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी भूमीतून काढून १९ जून रोजी आपल्या नव्या बॅसिलिकेच्या वेदीखाली ठेवले. ते नेले जात असताना सेव्हेरुस नावाच्या अंध खाटकाने त्यांवरील वस्त्राला स्पर्श केला आणि त्याला दृष्टी आली, असे अँब्रोझ यांनी बहीण मार्चेल्लिना हिला लिहिलेल्या पत्रात म्हटले असून, तेव्हा मिलानमध्येच असलेले ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन यांनीही ते नोंदवले आहे. ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा ईश्वर न मानणाऱ्या एरियन पंथीयांनी मात्र हा चमत्कार नाकारला. राजमाता युस्तिना त्याच पंथाची होती आणि चर्चच्या ताब्यावरून तिचा अँब्रोझ यांच्याशी उघड संघर्ष चालू होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय या घटनेचे खरे वजन कळत नाही. या हुतात्म्यांना संत मानले गेले तेही स्थानिक पातळीवरच, कारण त्या काळी संतपद ठरवणारी रोमची प्रक्रिया नव्हती. लोकांची भक्ती, स्थानिक बिशपची मान्यता आणि वार्षिक स्मरणदिन एवढ्यावर ते सिद्ध होई. पोपने संत घोषित केल्याची पहिली निश्चित नोंद ९९३ मधील, ऑग्सबर्गचे बिशप उलरिख यांची आहे.