पत्र्याचा बेडूक, कबुतरे आणि घरातले पिल्लू

जत्रेतला पत्र्याचा बेडूक बहुतेकांनी लहानपणी हाताळलेला असतो. पोटाखालची पोलादी पट्टी अंगठ्याने दाबली की टिक, सोडली की टॅक. इंग्रजी मुलुखात याच जातीच्या खेळण्याला 'क्रिकेट', म्हणजे रातकिडा, असे नाव पडले. जून 1944 मध्ये नॉर्मंडीच्या अंधारात हवाई छत्र्यांनी उतरलेल्या अमेरिकेच्या 101 व्या डिव्हिजनच्या सैनिकांजवळ बर्मिंगहॅमच्या अ‍ॅक्मे कारखान्यात बनलेले पितळी रातकिडे होते. एका आवाजाला दोन आवाजांनी उत्तर आले, तर समोरचा माणूस आपला. हेच खेळणे आज प्लास्टिकच्या डबीत शिरून 'क्लिकर' या नावाने पाळीव प्राण्यांच्या दुकानात टांगलेले असते, आणि दीड-दोन किलो वजनाच्या पामेरियन पिलाला 'बस' शिकवण्याच्या कामी येते.

या डबीमागचे शास्त्र 1940 च्या दशकातच तयार होते. घरातल्या कुत्र्यापर्यंत ते पोचायला मात्र जवळजवळ पन्नास वर्षे लागली. हा उशीर का झाला, ते पाहण्यासारखे आहे.

कुत्रा आणि शिकणे म्हटले की पावलोव्हचे नाव प्रथम ओठावर येते. परंतु पावलोव्हचा कुत्रा काही करत नव्हता, त्याच्या तोंडाला केवळ पाणी सुटत होते. प्राणी स्वतः होऊन काही करतो आणि त्याच्या परिणामावरून शिकतो, हा विचार एडवर्ड थॉर्नडाइकने 1898 मध्ये कोंडलेल्या मांजरांच्या प्रयोगांतून मांडला. दार उघडणाऱ्या खटपटी टिकतात, बाकीच्या गळून पडतात. बी. एफ. स्किनरने 1938 च्या आपल्या ग्रंथात याच विचाराला प्रयोगशाळेची शिस्त दिली. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला 'साधक अभिसंधान' म्हणतात. उंदराने दांडी दाबली की अन्नाची गोळी पडते आणि दांडी दाबणे वाढते. यंत्र मोजते, माणूस दूर बसतो.

माणूस जवळ आला तो युद्धामुळे. 1943 साली स्किनर आणि त्याचे सहकारी मिनियापोलिसमध्ये जनरल मिल्स कंपनीच्या पिठाच्या गिरणीत, सर्वांत वरच्या मजल्यावर, एका विलक्षण कामात गुंतले होते. पडद्यावर दिसणाऱ्या लक्ष्यावर चोच मारून बॉम्बला दिशा देतील अशी कबुतरे त्यांना तयार करायची होती. सरकारने ही योजना पुढे गुंडाळली. त्या गिरणीत मोकळा वेळ भरपूर असे. एके दिवशी त्यांनी ठरवले की कबुतराला लाकडी चेंडू चोचीने ढकलायला शिकवावे. अन्नाचा खटका या वेळी यंत्राला न जोडता हातात घेतला, आणि कबुतर चेंडूला ठोसा केव्हा देते याची वाट पाहत ते बसले. काहीच घडेना. शेवटी कंटाळून त्यांनी अपेक्षा खाली आणली. कबुतराने चेंडूकडे नुसते पाहिले तरी अन्न. मग मान जवळ नेली तर अन्न. मग चोच लागली तर. काही मिनिटांतच चेंडू पेटीच्या भिंतींवर आपटू लागला. पूर्ण कृतीची वाट न पाहता तिच्या दिशेने पडलेल्या प्रत्येक पावलाला दाद देत जाणे, म्हणजे वर्तनाला हाताने आकार देणे, ही गोष्ट स्किनरला त्या दिवशी जितकी स्पष्ट दिसली तितकी पूर्वी कधी दिसली नव्हती.

यात एक अडचण लपलेली होती. पेटीतल्या कबुतराला खटक्याचा आवाज आणि अन्न जवळजवळ एकाच वेळी मिळत होते. अंगणातल्या कुत्र्याचे तसे नाही. तो खाली बसतो. आपण खिशात हात घालतो, तुकडा शोधतो, वाकतो. तोवर तो उठून आपल्या गुडघ्यावर पाय टेकवून उभा असतो. तुकडा मिळतो तो उडी मारण्याबद्दल! आपण बसणे शिकवत असतो आणि पिल्लू उडी शिकत असते. म्हणून कृतीच्या नेमक्या क्षणी काहीतरी असे घडले पाहिजे, ज्याचा अर्थ 'हेच, याचेच बक्षीस येते आहे' असा होईल. डिसेंबर 1951 च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये प्राण्यांना कसे शिकवावे यावर स्किनरने सर्वसामान्यांसाठी लेख लिहिला आणि त्या कामासाठी हाच खेळण्यातला रातकिडा सुचवला. आधी आवाज आणि अन्न यांची जोडी जमवायची, मग ठेंगण्या कपाटाच्या मुठीला नाक लावण्यासारखी एखादी कृती टप्प्याटप्प्याने घडवायची. पुढच्याच वर्षी 'लुक' या सचित्र नियतकालिकासाठी त्याने अ‍ॅग्नेस नावाच्या डाल्मेशियन कुत्रीला अर्ध्या तासाच्या आत भिंतीवर उंच उडी घ्यायला शिकवून दाखवले. खूण होती छायाचित्रकाराच्या दिव्याचा झगमगाट.

म्हणजे घरी बसून कुत्र्याला शिकवण्याची पूर्ण कृती 1951 मध्ये छापून आलेली होती. ती वाचून तसे करणारे मात्र फारसे कोणी निघाले नाही.

स्किनरचे दोन विद्यार्थी, केलर आणि मेरियन ब्रेलंड हे दांपत्य, त्याच्याही आधी या वाटेने गेले होते. कबुतरांच्या प्रकल्पात काम करताना या तंत्राची ताकद त्यांनी पाहिली, विद्यापीठातली वाट सोडली आणि 1947 मध्ये प्राण्यांना शिकवण्याचा व्यवसायच काढला. सुरुवात झाली कोंबड्यांच्या खाद्याच्या जाहिरातीसाठी शिकवलेल्या कोंबड्यांपासून. नंतर अर्कान्सामधील हॉट स्प्रिंग्ज गावी त्यांनी जागा घेतली. नाणे टाकले की कोंबडी नाचते, ससा खेळण्यातली तोफ उडवतो, असे खेळ तिथे बनत आणि देशभर जात. हाताळलेल्या प्रजातींची संख्या पुढे शंभरावर गेली. कुत्र्यांच्या प्रशिक्षकांनाही त्यांनी ही पद्धत देऊ केली. प्रशिक्षकांना ती नको होती.

इतिहासकार या दांपत्याची आठवण अधिक काढतात ती 1961 च्या एका निबंधासाठी. हा निबंध म्हणजे त्यांच्या अपयशांची प्रामाणिक यादी आहे. रॅकूनला नाणी उचलून डब्यात टाकायला शिकवले. एक नाणे तो टाकी. दोन दिली की टाकीच ना, एकमेकांवर घासत बसे, जणू नदीकाठी पकडलेल्या खेकड्याचे कवच सोलतो आहे. डुकराचीही तीच गत. पैसे बँकेत टाकण्याऐवजी ते नाकाडाने जमिनीत उकरू लागले आणि जितकी भूक अधिक, तितके उकरणे अधिक. बक्षिसाने प्राणी कोणत्याही साच्यात ओतता येतो, ही तेव्हाची समजूत. तिला तिच्याच सर्वांत यशस्वी कारागिरांनी छेद दिला. प्राणी कोरी पाटी नसतो. त्याच्या जातीचा वारसा शिकवणीच्या मध्ये येतो. टेरियर पिल्लू उंदराच्या वासामागे धावते तेव्हा क्लिकर फिका पडतो, तो याच कारणाने.

प्रशिक्षकांना ही पद्धत का नको होती? कुत्रा शिकवणे हा त्या काळी लष्कराचा आणि पोलिसांचा वारसा होता. जर्मनीत कोनराड मोस्टचे 1910 चे पुस्तक या परंपरेचा पाया मानले जाते. अमेरिकेत विल्यम कोहलरचे 1962 चे पुस्तक घरोघरी पोचले. साखळीचा फास, त्याला झटका, चुकीला तत्काळ शिक्षा. खड्डे खणणाऱ्या कुत्र्याचे डोके त्याच खड्ड्यात पाणी भरून बुडवण्याचा उपायही त्यात आहे. या पद्धतीने कुत्रे शिकत नसत असे म्हणता येणार नाही. शिकत, आणि म्हणूनच ती टिकली. शिवाय शिक्षेचा परिणाम ताबडतोब दिसतो, भुंकणे त्या क्षणी थांबते, आणि शिक्षा करणाऱ्यालाच त्याचे बक्षीस मिळते. स्किनरचा सिद्धांत येथे माणसाला लागू पडतो.

मात्र तीस किलोच्या शेफर्डसाठी घडवलेला झटका दोन किलोच्या पिलाच्या मानेला मिळतो तेव्हा हिशेब बदलतो. पामेरियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा लहान जातींत श्वासनलिकेची कूर्चा कमकुवत होऊन नलिका चपटी होण्याचा विकार बराच आढळतो. त्यांच्या गळ्यावर ताण देऊच नये, पट्टा छातीवरून घ्यावा, असे पशुवैद्य सांगतात. लहान कुत्र्यांना 'हट्टी' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. खरे पाहता, त्यांना एक तर कोणी शिकवत नाही (उचलून घेतले की प्रश्न मिटतो), नाही तर मोठ्या कुत्र्याचे शिक्षण त्यांच्यावर लादले जाते.

फास जिथे घालताच येत नाही अशा प्राण्याने शेवटी वाट मोकळी केली. डॉल्फिनला साखळी बांधता येत नाही; रागावलात तर तो तळ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. 1960 च्या दशकात हवाई बेटांवरच्या सी लाइफ पार्कमध्ये कॅरन प्रायर यांनी स्किनर आणि ब्रेलंड यांच्या परंपरेतले हे तंत्र हाती घेतले. खुणेसाठी शिट्टी, बक्षिसासाठी मासे. 1969 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नियम एकच होता: पूर्वी कधी न केलेली हालचाल केली तरच शिट्टी. डॉल्फिन काही दिवस गोंधळले, चिडले आणि मग एकामागून एक अशा अनोख्या हालचाली करू लागले की निरीक्षकांना त्यांचे वर्णन नोंदवणे जड गेले. केवळ आज्ञा पाळणारा प्राणी असे करू शकला नसता. 1984 मध्ये प्रायर यांचे 'डोन्ट शूट द डॉग' हे पुस्तक आले. 1992 मध्ये त्यांनी गॅरी विल्क्स या प्रशिक्षकासह कुत्रे शिकवणाऱ्यांपुढे हे तंत्र मांडले, आणि शिट्टीची जागा पुन्हा एकदा त्या स्वस्त खेळण्याने घेतली.

घरी करायचे काम साधे आहे, पण हात सावध हवा. पहिल्या दिवशी काहीच मागायचे नाही: क्लिक आणि लगेच तुकडा, दहा-पंधरा वेळा. तुकडा मटाराच्या दाण्याहून लहान, कारण इवल्या पोटाचा दिवसाचा कोटा चटकन संपतो. उकडलेले कोंबडीचे मांस किंवा पनीर चालते, बेदाणे, द्राक्षे, कांदा आणि चॉकलेट मात्र कधीच नाही. आवाजाने पिल्लू दचकत असेल तर डबी रुमालात गुंडाळावी किंवा खटक्याचे बॉलपेन वापरावे. मग पिल्लू स्वतःहून बसेल त्या क्षणी क्लिक. ढकलायचे नाही, ओरडायचे नाही. बसणे वारंवार घडू लागले की त्याच्या जरा आधी 'बस' हा शब्द जोडायचा. तीन मिनिटांत खेळ आटोपायचा. आणि क्लिक चुकून वाजला तरी तुकडा द्यायचाच.

या शेवटच्या नियमाला मज्जाविज्ञानाचाही आधार सापडतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिनच्या पेशींच्या नोंदी घेतल्या. 1997 मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांचा अर्थ सहकाऱ्यांसह मांडला. सुरुवातीला या पेशी फळांच्या रसाचा थेंब मिळताच उद्दीपित होत. शिकल्यानंतर त्या रसाला नव्हे, तर रसाच्या आधीच्या खुणेला प्रतिसाद देऊ लागल्या. खूण होऊनही रस आला नाही, तर नेमक्या त्या वेळी त्यांची हालचाल मंदावे. फुकट गेलेला क्लिक ही त्या अर्थी केवळ राहून गेलेली खाऊची वेळ नसते.

आता भक्तांना न रुचणारी गोष्ट. क्लिकरने कुत्रा इतर पद्धतींपेक्षा झपाट्याने शिकतो, असा दावा सर्रास ऐकू येतो. 2008 मध्ये बासेंजी जातीच्या कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात क्लिकरचा गट अधिक वेगाने शिकला नाही; बक्षीस बंद झाल्यावर शिकलेले टिकले मात्र जास्त. 2016 मध्ये इटलीतील संशोधकांनी 51 कुत्र्यांची तुलना केली: काहींना क्लिक, काहींना 'ब्राव्हो' हा शब्द, काहींना नुसता खाऊ. तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. डबीत जादू नाही. तिचा खरा उपयोग, माझ्या मते, माणसाला आहे. अंगठा दाबायचा तर पिलाकडे पाहावे लागते, आणि नेमके काय हवे आहे ते आधी ठरवावे लागते. त्याच 2016 साली एका वैद्यकीय अभ्यासात शस्त्रक्रियेच्या गाठी मारायला शिकणाऱ्यांनाही अचूक हालचालीची खूण क्लिकने दिली गेली. त्या अभ्यासात प्रायर सहलेखक होत्या.

शिक्षेचा निकाल याहून स्पष्ट आहे. 2020 मध्ये पोर्तुगालमधील 92 पाळीव कुत्र्यांच्या अभ्यासात, जिथे दटावणे आणि झटके यांचा वापर होता तिथल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक दिसली, प्रशिक्षणानंतर लाळेतील कॉर्टिसॉल अधिक वाढले. ज्यांच्यावर असा वापर सर्वाधिक होता, ते खाण्याचे भांडे रिकामे की भरलेले हे संदिग्ध असताना अधिक निराश वागले.

आपल्या देशातून या विषयाला मिळालेली भर पाळीव नव्हे तर रस्त्यावरच्या कुत्र्यांकडून आली आहे. कोलकात्याच्या 'आयसर'मधील अनिंदिता भद्र यांच्या गटाने पश्चिम बंगालमधील भटक्या कुत्र्यांना अनोळखी माणसाकडून वारंवार एक तर खाऊ दिला, नाही तर डोक्यावरून हात फिरवला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात, कालांतराने अनोळखी माणसाकडे अधिक विश्वासाने येऊ लागले ते हात फिरवलेले कुत्रे. पनीर संपले असेल, तर क्लिकनंतर पामेरियनच्या कानामागे खाजवून पाहायला हरकत नाही; ते बक्षीस ठरले की नाही, हे पुढच्या खेपेला पिल्लू किती चटकन बसते त्यावरून कळेल.