हलव्याला हलवाच म्हणा

अलिबाग-मुरूडच्या मासळीबाजारात कोळीण हलव्याला पापलेट म्हणत नाही. ‘काळं पापलेट’ हे हलव्याच्या इंग्रजी नावाचं भाषांतर. ते हॉटेलांच्या मेन्यूतून आपल्या तोंडी बसत चाललंय आणि मला ते खटकतं.

‘पापलेट’ शब्द मुळात परका. इंग्रजी ‘पॉम्फ्रेट’प्रमाणे त्याचंही माहेर पोर्तुगीज ‘पाम्पो’ मानतात. चौल-रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं; खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीज वळणाची बोली आजही बोलली जाते. बोनापार्ट या शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये पापलेटच्या प्रजातीला ‘पाम्पस’ हेच नाव दिलं. या शब्दाचा स्पॅनिश भाऊबंद ‘पाँपानो’ अमेरिकेत दुसऱ्याच माशाला चिकटला, आणि तो मासा नेमका हलव्याच्या कुळातला!

हलव्याबाबत शास्त्रज्ञही आधी चकले. ब्लॉखने १७९५ मध्ये त्याला ‘स्ट्रोमॅटिअस’ या पापलेटांच्या गोतात बसवलं. चपटं, उंच अंग, पोटाखाली पर नाहीत; दिसायला दोघे सख्खे. पण डार्विननंतर ‘कुल’ या शब्दाला जीवशास्त्रात खरा अर्थ आला: नुसतं साम्य नव्हे, एकच पूर्वज. सारखा आकार दोन घराण्यांत वेगवेगळाही घडू शकतो. हलव्याच्या पिल्लाला पोटाखालचे पर असतात, वाढताना ते नाहीसे होतात. पापलेटशी असलेलं हे साम्य त्याने मागाहून मिळवलेलं. शिवाय शेपटीच्या देठावर त्याला कडक खवल्यांची कड असते, ती पापलेटला नाही. म्हणून त्याचं कुल ‘कॅरँजिडी’ ठरलं. जुन्या समजाची खूण मात्र ‘पॅरास्ट्रोमॅटिअस’ या आजच्या नावात उरली आहे.

डीएनएने तर सोयरीकच बदलली. पापलेटचे आप्त निघाले बांगडा, सुरमई, कुपा आणि चक्क पट्ट्यासारखी लांब वाकटी. हलवा मात्र वाळूत पडून राहणाऱ्या लेपाला अधिक जवळचा!

कोळणींनी हे दोन मासे वेगळे ठेवले ते चवीवरून, कातडीवरून, भावावरून. वंशावळ मांडायला नव्हे. तरीही त्यांचं वर्गीकरण ब्लॉखपेक्षा अचूक ठरलं, कारण मासा रोज हाताळणाऱ्याला बारकावे दिसतात.

२०२३ मध्ये चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच्या नावावर हलवा खपवू नका. बाजारात शंका आली तर शेपटीच्या देठावरून बोट फिरवून पाहा, हलवा असेल तर कड हाताला लागेल. आणि लिहिताना, मागताना हलवाच म्हणा.