हिमालयातील दूरपल्ल्याचे वायफाय : नांगी ते पोखरा

घरातील राउटरचा संदेश दोन भिंतींपलीकडे क्षीण होतो, हा आपणा सर्वांचा अनुभव. मात्र त्याच तंत्राने नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यातील नांगी हे गाव तीस किलोमीटरहून अधिक अंतरावरील पोखरा शहराशी जोडले गेले. या कामाचे प्रवर्तक महाबीर पुन हे नांगीचेच. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात शिकून ते गावी परतले आणि तेथील शाळेच्या उभारणीत गुंतले. शाळेत देणगीतून आलेले जुने संगणक होते, पण दूरध्वनी नव्हता. परदेशी स्वयंसेवकांच्या साहाय्याने २००२ च्या सुमारास बिनतारी जोडणीचे प्रयोग सुरू झाले. त्या काळी माओवादी संघर्ष चालू होता आणि नेपाळमध्ये अशी उपकरणे आणण्यावर निर्बंध होते. २००७ मध्ये पुन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तारेला जो डोंगर अडसर वाटतो, तोच रेडिओलहरींना उपकारक ठरतो. त्याचे कारण असे. दोन अँटेना एकमेकींना दिसणे पुरेसे नसते. त्यांना जोडणाऱ्या रेषेभोवतीचा लंबगोलाकार पट्टा, म्हणजे फ्रेनेल क्षेत्र, बहुतांशी मोकळा असावा लागतो. २.४ गिगाहर्ट्‌झवर ३५ किलोमीटरच्या जोडणीत मध्यभागी या पट्ट्याची त्रिज्या सुमारे ३३ मीटर भरते. त्यात पृथ्वीच्या गोलाईमुळे येणाऱ्या सुमारे १८ मीटर उंचवट्याची भर पडते. सपाट प्रदेशात एवढी मोकळीक मिळवायची तर उंच मनोरे बांधावे लागतील. हिमालयात एका कड्यावरून दुसऱ्या कड्याकडे पाहिले की मधली दरी ती मोकळीक आपसूक देते. म्हणूनच कड्यावर पुनःप्रक्षेपण केंद्र उभे करतात. सुरुवातीच्या काळात तर अँटेना झाडांवरही बांधल्या होत्या. गावे कड्याआड असली तरी त्या केंद्राला दिसतात. थाळीच्या आकाराची अँटेना ऊर्जा अरुंद झोतात एकवटते, त्यामुळे प्रक्षेपकाची शक्ती वाढवावी लागत नाही. झोत जितका अरुंद, तितकी दिशा साधणे मात्र कठीण. वाऱ्याने खांब किंचित वळला तरी जोडणी तुटू शकते.

दुसरी अडचण वेळेची आहे. वायफायमध्ये प्रत्येक पॅकेटची पोच परत यावी लागते. ३५ किलोमीटर जाऊन येण्यास लहरींना सुमारे २३३ मायक्रोसेकंद लागतात, तर घरगुती उपकरणे काही दशक मायक्रोसेकंदच वाट पाहतात. पोच न आल्याने तेच पॅकेट पुन्हा पाठवले जाते आणि वेग कोसळतो. अंतरानुसार ही मर्यादा वाढवणे किंवा दोन्ही टोकांना आळीपाळीने ठरावीक वेळ देणे, हे त्यावरचे उपाय. अशा सुधारणांच्या बळावर २००७ मध्ये व्हेनेझुएलात ३८२ किलोमीटरची जोडणी साधली गेली.

एवढे गणित कागदावर सुटते. खरा कस लागतो तो विजेचा. निर्जन कड्यावर सौर पट्टी आणि बॅटरी यांवरच सारे अवलंबून असते. पावसाळ्यात आठवडाभर धुके राहिले की हिशेब चुकतो. शिवाय वीज पडण्याचे भय. बॅटरी काही वर्षांत निकामी होते आणि ती पाठीवर वाहून नेणारे माणूस गावातलेच असावे लागते. देणगीदार मनोऱ्याला पैसे देतात, बॅटरीला सहसा देत नाहीत, हे या क्षेत्रातले जुने दुखणे. नेपाळमधील या जाळ्यावरून गावातील आरोग्य केंद्रांना शहरातील डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला. अशा सेवेत जोडणी बंद पडण्याची किंमत रुग्ण मोजतो.

भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातील गावांत दूरचित्रवाणीच्या रिकाम्या वारंवारता वापरून असाच प्रयोग केला. २०१७ मध्ये मोझिला संस्थेने त्याला पुरस्कार दिला. परदेशातून उपकरणे पाठवू इच्छिणाऱ्यांनी एक तपासावे : अमेरिकेत विकली जाणारी अनेक उपकरणे तेथील वारंवारता-नियमांपुरती कुलूपबंद असतात, ती भारतात किंवा नेपाळात नियमानुसार चालवता येतीलच असे नाही.